प्रेत श्वास घेतंय

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी ते दुपारभर मेलेलेच होते.

गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून, शर्टावर बिटाचा रस ओतून घेऊन ते पडले होते आणि मी थर्माकोलचा मोठा तुकडा धरून त्यांच्या तोंडावर ऊन पाडत होते. सिनेमाचा शेवटचा प्रसंग होता. सगळी इमारत झॉम्बींनी गिळलेली. शेवटचा जिवंत माणूस, म्हणजे बाबा, कसाबसा गच्चीपर्यंत पोचतो आणि तिथे मरतो. प्रेक्षक हळहळतात. मग तो डोळे उघडतो आणि उठतो. आज मरायचं आणि उद्या उठायचं असं ठरलं होतं, कारण उठताना डोळ्यांत घालायच्या पांढऱ्या लेन्स चष्मेवाल्याकडून दुसऱ्या दिवशी मिळणार होत्या.

बाबा उत्तम मेले. मान कलली, हात घसरला, चष्मा नाकावरून अर्धा उतरला. फक्त पोट थांबेना. जेवण अंमळ जास्त झालं होतं, आणि ते पोट बिटाच्या डागासकट सावकाश वर जात होतं, सावकाश खाली येत होतं.

"बाबा, प्रेत श्वास घेतंय," मी म्हणाले.

"घेऊ दे गं," प्रेत म्हणालं.

मग आम्ही सामान आवरलं. लिफ्टमध्ये सेक्रेटरी भेटले. त्यांनी बाबांच्या शर्टाकडे पाहून लिफ्टमध्ये डाग पडता कामा नयेत एवढंच सांगितलं. आईने बाबांना दारातच थांबवलं आणि शर्ट काढून घेतला. संध्याकाळी त्यांनी कुंड्यांना पाणी घातलं आणि नेहमीप्रमाणे खालच्या मजल्याच्या बाल्कनीतही घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र वाचता वाचता खुर्चीतच ते गेले. डॉक्टर आले, नाडी पाहून हळू आवाजात आईशी बोलले आणि गेले. मी बराच वेळ बाबांच्या पोटाकडे बघत उभी होते. या खेपेला चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

बाबा वीज कंपनीत मीटर तपासायचे. नोकरी लोकांच्या जिन्याखालच्या अंधारात टॉर्च मारण्यात गेली. अशा माणसाने निवृत्तीनंतर बागकाम करावं, गुडघ्यांना तेल लावावं, कोणाच्या तरी समितीवर जावं. बाबांनी झॉम्बी निवडले. तेही चांगले नव्हेत. मोठ्या खर्चाचे, चकचकीत झॉम्बीपट त्यांना मुळीच आवडत नसत. त्यात मेलेली माणसं खरोखर मेलेली दिसतात, मग बघायचं काय, असं ते म्हणत. त्यांना हवे असायचे ते चार मित्रांनी सुट्टीत काढलेले सिनेमे. ज्यात झॉम्बीच्या मनगटावर घड्याळ असतं. ज्यात पहिल्या हल्ल्यात मेलेला माणूस दुसऱ्या हल्ल्यात शर्ट बदलून पुन्हा मरायला येतो. ज्यात नायिका जिवाच्या आकांताने धावते, झॉम्बी बँकेत पेन्शन आणायला निघाल्यासारखा चालतो, आणि तरी तोच तिला गाठतो. हे सगळं मी दोष म्हणून सांगायचे आणि बाबा गुण म्हणून ऐकायचे. "स्वस्त सिनेमात मेलेला माणूस पुरता मरत नाही," ते म्हणायचे. "त्याला घरी जाऊन जेवायचं असतं. ते चेहऱ्यावर दिसतं. मला तेच बघायचं असतं."

मी एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासते. चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे आणि तो संध्याकाळी टेबलाच्या खणात बंद करून घरी येता येत नाही. बाबांनी इमारतीतल्या लोकांना घेऊन स्वतःच सिनेमा काढायला घेतला तेव्हा मला 'चुका' या खात्यावर नेमलं ते त्यामुळेच. खातं मोठं होतं. इमारतीत बहुतेक निवृत्त लोक, त्यामुळे झॉम्बींची वानवा नव्हती, आणि सांध्यांच्या कृपेने चालण्याचा अभिनयही कोणाला करावा लागत नव्हता. अडचण होती ती रात्रीची. झॉम्बी रात्री हिंडतात आणि आमचे झॉम्बी नऊला झोपतात. त्यावर बाबांनी कॅमेऱ्याच्या भिंगावर निळा जिलेटिन कागद चिकटवला आणि भर दुपारी रात्र केली. या रात्रीत लोकांचे कपडे दोरीवर वाळत असायचे.

आमच्या युनिटमध्ये 'कट' म्हणायची पद्धत नव्हती. दिग्दर्शक, कॅमेरामन आणि नायक हे तिघेही बाबाच असल्यामुळे 'कट' म्हणायला कोणी मोकळं नसायचं. मी चूक काढली की शॉट संपला, असं सगळे धरून चालत. मग बाबा जिथे मेले असतील तिथून उठत, कॅमेऱ्यापाशी येत, भिंगात डोकावत आणि बटण दाबण्याआधी विचारत, "कसं झालं?" हा प्रश्न मला असायचा. मी उत्तर द्यायचे. घड्याळ राहिलं. सावली पडली. मागून पोस्टमन गेला. एकदाही उत्तर चुकलं नाही.

बाबा गेल्यावर भेटायला जे लोक आले ते सगळेच आमच्या सिनेमात मेलेले होते. त्यामुळे सांत्वनाला एक वेगळीच कळा आली. तळमजल्यावरच्या काकू, म्हणजे आमच्या मुख्य झॉम्बी, आईचा हात धरून खूप रडल्या, आणि मग मला स्वयंपाकघरात नेऊन त्यांनी विचारलं की सिनेमाचं काय. त्यांनी भूमिकेसाठी केस रंगवणं सोडलं होतं आणि आता सिनेमा होणार नसेल तर तसं कळलेलं बरं, म्हणजे त्या पार्लरवालीला सांगतील. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले की शेवटाविना कथा म्हणजे शिखराविना पर्वत. ते भूगोल शिकवायचे. फ्रिज उघडला की बाबांची बाटली समोर यायची. तिच्यावर बाबांच्या अक्षरात 'रक्त – पिऊ नये' असं लिहिलं होतं. आई रोज फ्रिज पुसायची आणि बाटली उचलून परत तिथेच ठेवायची.

सर्वांत मोठा पेच सेक्रेटरींनी आणला. सिनेमा दाखवायला बाबांनी सोसायटीचा हॉल आधीच मागून ठेवला होता. मी तारीख रद्द करायला गेले, तर सेक्रेटरी म्हणाले की रद्द करायचा अधिकार अर्जदाराचा. मी म्हटलं, अर्जदार वारले, तुम्ही आला होतात. ते म्हणाले, मी व्यक्तिशः आलो होतो, समितीला तसं काही कळलेलं नाही. मग तारीख पुढे ढकला, मी म्हटलं. त्यालाही अर्जदाराने समक्ष यायला हवं. मी त्यांना शांतपणे विचारलं की मेलेल्या माणसाने समक्ष यावं असं समितीचं म्हणणं आहे का. त्यांनी रजिस्टर बंद केलं. मग खासगीत म्हणाले की त्यांनी सासुरवाडीची माणसं बोलावून ठेवलीयेत, सिनेमात ते दोनदा मरतात आणि दोन्ही वेळा, लोकांचं मत आहे, चांगले मरतात.

तेव्हा मी कबूल झाले. सगळ्यांना वाटलं, मुलगी बापाचं काम पुरं करतेय. तसं काही नव्हतं. मला रोज ऑफिसात, मुद्रितांच्या मधेच, गच्चीवर टाकीला टेकून पडलेले बाबा दिसायचे. त्यांना तिथे तसंच सोडून आम्ही सगळे खाली आलो होतो. त्यांना उठवल्याशिवाय मला गच्चीचं दार लावता येणार नव्हतं.

कसं उठवायचं, यावर इमारतीत मतांचा सुकाळ झाला. काकूंचं म्हणणं, उठवायचंच कशाला, मेले असं दाखवा आणि वर एक सुविचार टाका. बाबांचे शॉट जोडून देणारा माणूस कोपऱ्यावर दुकान चालवायचा; त्याचा मूळ धंदा लग्नाच्या व्हिडिओंचा. त्याने संगणकावर बाबांना उठवून दाखवण्याची तयारी दाखवली. नमुना म्हणून त्याने बाबांचा फोटो दरवाजासारखा उभा केला. फोटोतले बाबा एखाद्या इस्त्रीच्या टेबलासारखे उघडले. शिवाय दोन शॉटच्या मध्ये त्याला काहीतरी सजावट लागायची. जिन्यातल्या हत्याकांडानंतर पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या आणि सेक्रेटरींचा पहिला मृत्यू एका बदामाच्या आकारात मिटायचा. बदाम मी सगळे काढायला लावले होते. त्यावरून तो थोडा दुखावला होता.

शेवटी बदली माणूस घ्यायचं ठरलं. लांबून पाहिलं तर मास्तर बाबांसारखे दिसतात, असा शोध काकूंनी लावला. मास्तरांच्या बायकोला हे मुळीच पटेना. गेलेल्या माणसाच्या कपड्यांत गेलेल्या माणसासारखं पडायचं, आणि तेही सर्दी झालेली असताना, असं तिचं म्हणणं. मास्तरांना स्वतःला हरकत नव्हती, पण एखादं वाक्य मिळावं अशी इच्छा होती. झॉम्बी बोलत नाहीत, मी सांगितलं. मग मेल्यावर त्याच्या मनात नेमकं काय चालू असतं तेवढं तरी सांगा, ते म्हणाले. मी म्हटलं, काही नाही. ते म्हणाले, हे करायला अवघड आहे.

शर्टाचा प्रश्न त्याहून अवघड निघाला. आईने तो इतका निगुतीने धुतला होता की डागाचा मागमूस नव्हता. डाग जुन्या शॉटशी जुळायला हवा. मी त्या शॉटचा फोटो पुढ्यात धरून, मोजपट्टी घेऊन, मास्तरांच्या छातीवर पेन्सिलने रेघा मारत होते, तेवढ्यात आई गच्चीवर आली. इतक्या महिन्यांत ती एकदाही शूटिंगला आली नव्हती. तिने हातातली बाटली उघडली, फोटोकडे न बघता मास्तरांच्या शर्टावर ओतली आणि खिशाच्या खालून बोटाने जरा डावीकडे ओढली. डाग हुबेहूब पडला. "मी घासलाय तो," आई म्हणाली आणि टाकीच्या कट्ट्यावर जाऊन बसली.

मास्तर मेले. चष्मा अर्धा उतरला. निळा कागद लावला, कॅमेरा चालू केला. मास्तरांना सर्दी असल्यामुळे त्यांचं पोटच नव्हे तर नाकही जिवंत होतं.

"प्रेत श्वास घेतंय," मी सवयीने म्हणाले.

मास्तर तसेच पडून राहिले. मग डोळे न उघडता त्यांनी अदबीने विचारलं, "उठू का?"

मला काहीतरी खटकलं. असं कोणी विचारत नसे. पण काय खटकलं ते कळायच्या आत मुंग्या आल्या. बिटाचा रस उन्हात फिका पडतो म्हणून बाबा त्यात साखरेचा घट्ट पाक घालायचे, आणि टाकीखालच्या मुंग्यांना हे बहुधा गेल्या खेपेपासून ठाऊक होतं. मास्तरांनी आधी एक भुवई उडवली. मग खांदा. मग जे काही झालं ते कोणत्याही झॉम्बीपटात कोणी केलेलं नसेल. काकू तोंडाला रक्त लावून आपल्या प्रसंगाची वाट पाहत उभ्या होत्या. त्यांनी कोपऱ्यातला खराटा उचलला आणि मास्तरांना झोडपायला सुरुवात केली. सेक्रेटरी, कपाळावर कुऱ्हाड चिकटवलेल्या अवस्थेत, मास्तरांचे हात धरून उभे राहिले, म्हणजे काकूंना नीट झोडपता येईल.

समोरच्या इमारतीतून कोणीतरी फोन केला असावा. गच्चीच्या दारात हवालदार उभे होते. धापा टाकत त्यांनी सगळ्यांना आहेत तिथे थांबायला सांगितलं आणि विचारलं, "मयत कोण?"

"माझे बाबा," मी म्हणाले. गेल्या काही दिवसांत बऱ्याच कचेऱ्यांत हा प्रश्न आला होता.

हवालदारांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी चष्मा नीट केला.

"हे?"

"नाही. हे बाबांच्या जागी मेलेत."

"मग बाबा कुठे आहेत?"

काकूंच्या हातातून खराटा गळला आणि त्या रक्ताळलेल्या तोंडाने हुंदके देऊ लागल्या. सेक्रेटरींनी कुऱ्हाड काढून हातात घेतली. शेवटी आईच उठली. तिने हवालदारांना सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि सगळं समजावलं. हवालदार टोपी मांडीवर ठेवून ऐकत राहिले. जाताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं की सिनेमात पोलीस आहेत का. मी म्हटलं, अशा सिनेमांत पोलीस नेहमी सगळं संपल्यावर येतात. ते म्हणाले, तसा एखादा असेल तर कळवा.

पण मी त्यांचं ऐकत नव्हते. मग बाबा कुठे आहेत? उठू का? बाबांनी कधीच विचारलं नव्हतं, उठू का म्हणून. मी चूक काढली की ते उठायचेच.

मी थर्माकोल तिथेच टाकला आणि चपला घालून कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. व्हिडिओवाला कोणाचं तरी लग्न पाकळ्यांनी सजवत होता. मी विचारलं, माझा आवाज आला की तू काय करतोस?

"कापतो, ताई," तो म्हणाला. "तुमच्या आवाजानंतर कामाचं काही नसतंच."

"मग ते जातं कुठे?"

"आहे ना. काकांनी पुसू दिलं नाही. इथे बसून ऐकायचे ते, तुम्ही काय काय चुका काढल्या ते. हसायचे एकटेच. मला वाटायचं, सुधारणा करायच्या असतील. पण सुधारणा तर काही केल्या नाहीत."

त्याने उघडून दाखवलं. बाबा जिन्यातून उठत होते, लिफ्टमधून उठत होते, पार्किंगमधल्या स्कूटरखालून उठत होते, आणि प्रत्येक वेळी कॅमेऱ्याकडे येत होते. शेवटी तो गच्चीवरचा शॉट आला. मी पुरता पाहिला. मग त्याला म्हटलं, हाच लाव.

त्याने अडचणी सांगितल्या. डोळ्यांत लेन्स नाहीत. ताईंचा आवाज आहे. काका बोलतायत, आणि झॉम्बी बोलत नाहीत असं ताईंनीच सांगितलंय. मी म्हटलं, असू दे. त्याला इतकं आश्चर्य वाटलं की त्याने लगेच शेवटी एक बदाम टाकायची परवानगी मागून घेतली. मी तीही दिली. माझ्या पेशाला साजेसं मी तिथे एकच काम केलं: अगदी शेवटी माझं एक वाक्य होतं, सावली पडल्याबद्दलचं, त्याचा आवाज काढून टाकायला लावला. चित्र तेवढं राहू दिलं.

ठरल्या तारखेला, ठरल्या दुपारी, अर्जदार अनुपस्थित असताना हॉल उघडला गेला. खिडक्यांना काळे कागद लावले होते. पडदा म्हणून आमच्या घरची चादर होती आणि तिच्या घडीची रेघ सगळ्या पात्रांच्या मधून जात होती. सिनेमा अपेक्षेइतकाच वाईट होता. सेक्रेटरींच्या दोन्ही मृत्यूंना टाळ्या पडल्या आणि त्यांची सासरची मंडळी दोन्ही वेळा मागे वळून त्यांच्याकडे बघून हसली. निळ्या रात्रीत काकू मास्तरांच्या मानेला चावल्या तेव्हा मागे दोरीवर कोणाचा तरी लेंगा वाऱ्याने फुगला. घड्याळं होती. पोस्टमन होता. हवालदार साध्या कपड्यांत येऊन मागच्या रांगेत बसले होते. मी नेहमीसारख्या मनात चुका मोजायला लागले होते, पण कधीतरी मोजणं राहून गेलं.

मग गच्ची आली. टाकी आली. बाबा टेकून पडले, चष्मा अर्धा उतरला. हॉलमध्ये हसत होते ते थांबले. चादरीवर ते पोट सावकाश वर गेलं, सावकाश खाली आलं. पुन्हा वर गेलं. शेजारी आई खुर्चीत पुढे सरकून बसली होती.

"बाबा, प्रेत श्वास घेतंय," माझा आवाज आला. इतका कोरडा असतो तो, मला कल्पना नव्हती.

"घेऊ दे गं."

आणि त्यांनी डोळे उघडले. पांढरे नव्हते, त्यांचेच होते. झॉम्बीने आधी चष्मा नीट केला. एक हात टाकीवर टेकला, गुडघे वाजले, पोटातून एक लांबलचक कण्हणं निघालं आणि ते उठले. एक पाय झोपला होता, तो ओढत ओढत, हात पुढे करून तोल सावरत, ते आमच्याकडे येऊ लागले. ज्या माणसाने इतके झॉम्बी पाहिले त्याला स्वतःला कळलं नसेल की इतकं खरं कोणी उठलं नव्हतं. त्यांचा चेहरा जवळ आला, आणखी जवळ आला, सगळी चादर भरून गेली. घडीची रेघ त्यांच्या कपाळावरून गेली. गालावर बिटाचा एक थेंब होता.

"कसं झालं?" त्यांनी विचारलं.

पुढे आवाज नव्हता. तेवढी जागा रिकामी होती. बाबा भिंगात डोकावून वाट बघत होते आणि चारी बाजूंनी बदामाचा आकार त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू मिटत येत होता. आधी कान गेले, मग कपाळ गेलं. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. माझी सावली चादरीवर पडली असणार.

"छान झालं, बाबा," मी म्हणाले. मोठ्याने, मागच्या रांगेपर्यंत जाईल असं. "खूप छान झालं."